म्हशीचे दूध पांढरे का? हिरव्या वैरणीतील कॅरोटीनचा जनावराच्या शरीरातील प्रवास व त्याची मोजणी

वसई तालुक्याचे शेतीच्या दृष्टीने दोन भाग पडतात. पश्चिमेकडे समुद्रालगत आगाशी, निर्मळ, गास, भुईगाव या पट्ट्यात विहिरी व बावखले यांच्या पाण्यावर केळी, भाजीपाला, फुले व पानवेली यांच्या वाड्या पिढ्यान् पिढ्या होत आल्या आहेत. पूर्वेकडे तुंगारेश्वराच्या डोंगराभोवती पारोळ, भाताणे, मांडवी या बाजूस मुख्यतः पावसाळी भातशेती आहे. सन २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका व सन २०१४ मध्ये पालघर जिल्हा अस्तित्वात आला. वस्ती वाढली, शेतजमीन घटली. तथापि गोठ्यांतील म्हशी व त्यांच्या दुधावर चालणारे संसार अद्याप टिकून आहेत.

या गोठ्यांतील जनावरांचा आहार ऋतूप्रमाणे बदलतो. जून ते ऑक्टोबर या काळात बांधावरचे व माळावरचे हिरवे गवत विपुल मिळते. पुढे भाताचा पेंढा व वाळलेले गवत यांवर भिस्त राहते. फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत अनेक गोठ्यांत हिरवी काडीही दिसत नाही. पेंढा व आंबोण मिळत असल्यामुळे म्हशीचे पोट भरते, दूधही चालू राहते. म्हणून आहारात काही उणे आहे, असे मालकास वाटत नाही. परंतु उन्हाळ्याच्या अखेरीस व्यालेल्या म्हशींची पारडी अशक्त निपजणे, त्यांना हगवण लागणे, डोळ्यांतून पाणी गळणे, म्हशींची वार वेळेवर न पडणे अशा तक्रारी याच सुमारास ऐकू येतात. त्यांच्या अनेक कारणांपैकी एक कारण हिरव्या वैरणीतील एका पिवळ्या द्रव्याच्या अभावात आहे. त्या द्रव्याचे नाव कॅरोटीन. ते शरीरात कोठे जाते, कोठे साठते व कोठे दिसेनासे होते, हे समजल्यास उपाय योजणे सोपे जाते.

कॅरोटीन म्हणजे काय?

जर्मन शास्त्रज्ञ वाकेनरोडर याने सन १८३१ मध्ये गाजरातून हे द्रव्य प्रथम वेगळे काढले व गाजरावरूनच त्यास नाव मिळाले. गाजरात ते उघड दिसते. गवताच्या पात्यातही ते विपुल असते, परंतु पानातील हरितद्रव्याखाली झाकले जाते. कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. ऊन, हवा व उष्णता यांनी त्याचा नाश होतो. हिरवेगार गवत कडक उन्हात अनेक दिवस पडून पांढुरके झाले की त्यातील बहुतेक कॅरोटीन नाहीसे झाले असे समजावे. भाताच्या पेंढ्यात ते मुळातच नगण्य असते.

जनावरास जीवनसत्त्व ‘अ’ लागते. डोळ्यांचे कार्य, त्वचा, श्वसनमार्ग, आतडी व गर्भाशय यांच्या अस्तराचे आरोग्य आणि रोगप्रतिकाराची शक्ती या सर्वांस ते आवश्यक आहे. वनस्पतीत हे जीवनसत्त्व तयार स्वरूपात नसते. वनस्पती कॅरोटीन देते व जनावराचे शरीर त्यापासून जीवनसत्त्व ‘अ’ बनवते. कॅरोटीन पिवळे असते, तर जीवनसत्त्व ‘अ’ डोळ्यास जवळजवळ रंगहीन दिसते. हा एक भेद ध्यानी ठेवल्यास पुढील सर्व विवेचन सुलभ होईल.

यकृताने दिलेली साक्ष

कॅरोटीनपासून जीवनसत्त्व ‘अ’ तयार होते, हे प्राण्यांच्या अवयवांतील मोजणीवरून सिद्ध झाले. सन १९१९ मध्ये अमेरिकेतील स्टीनबॉक याने असे दाखविले की, पिवळ्या रंगाच्या वनस्पतिजन्य पदार्थांत ‘अ’ जीवनसत्त्वाचा गुण आढळतो. पण येथे एक कोडे उभे राहिले. माशाच्या यकृताच्या तेलात हा गुण पुष्कळ असूनही त्यात कॅरोटीनचा पिवळा रंग नव्हता. मग गुण कशाचा?

हे कोडे इंग्लंडमधील केंब्रिज येथे टॉमस मूर यांनी सन १९३० च्या सुमारास सोडविले. त्यांनी उंदरांना प्रथम जीवनसत्त्व ‘अ’ नसलेल्या आहारावर ठेवले. अशा उंदरांच्या यकृतातील साठा संपून जातो. त्यानंतर काही उंदरांना कॅरोटीन खाऊ घातले आणि त्यांची यकृते तपासली. यकृतात जे द्रव्य सापडले ते खाऊ घातलेले पिवळे कॅरोटीन नव्हते; माशाच्या यकृताच्या तेलात असते तेच जीवनसत्त्व ‘अ’ होते. एक द्रव्य तोंडावाटे आत गेले व दुसऱ्याच रूपात यकृतात जमा झाले, हे यावरून निश्चित झाले. पुढे असेही आढळून आले की, हे रूपांतर मुख्यतः लहान आतड्याच्या अस्तरात होते आणि यकृत हे प्रामुख्याने साठ्याचे ठिकाण आहे.

गाय व म्हैस यांतील फरक

आतड्याच्या अस्तरात हे रूपांतर किती प्रमाणात होते, यावर जनावराच्या चरबीचा व दुधाचा रंग ठरतो. गायीच्या आतड्यातून कॅरोटीनचा काही भाग रूपांतर न होता तसाच रक्तात उतरतो. तो रक्ताबरोबर शरीरभर फिरतो आणि जेथे स्निग्धांश आहे तेथे मुरतो. म्हैस व शेळी यांच्या शरीरात मात्र कॅरोटीनचे जवळजवळ पूर्ण रूपांतर होते. रक्तात पोहोचते ते रंगहीन जीवनसत्त्व ‘अ’. दोन्ही जनावरांना एकाच भाऱ्यातील गवत घातले, तरी अवयवांत पुढीलप्रमाणे फरक दिसतो :

रक्तद्रव : हिरवा चारा खाणाऱ्या गायीचा पिवळसर, म्हशीचा फिका.
शरीरातील चरबी : गायीची पिवळसर, म्हशीची पांढरी.
दुधातील स्निग्धांश, लोणी व तूप : गायीचे पिवळे, म्हशीचे पांढरे.
बीजांडावरील पीतपिंड : गायीचा गडद पिवळा ते नारिंगी, म्हशीचा फिका, करडा अथवा गुलाबी छटेचा.
यकृत : दोहोंतही जीवनसत्त्व ‘अ’ चा मुख्य साठा येथेच. शरीरातील एकूण साठ्याचा सुमारे नऊ-दशांश भाग यकृतात असतो.

यावरून म्हशीचे दूध पांढरे असते म्हणून त्यात जीवनसत्त्व ‘अ’ नसते, हा समज चुकीचा ठरतो. म्हशीने कॅरोटीन वाया घालविलेले नसते. त्याचे रूपांतर करून मगच ते दुधात उतरविलेले असते. उलटपक्षी, रंग नाही म्हणून म्हशीच्या दुधाकडे पाहून तिच्या आहारातील उणीवही ओळखता येत नाही. गायीस हिरवा चारा कमी पडला की तुपाचा रंग फिका पडून मालकास सूचना मिळते. म्हशीचे तूप पावसाळ्यात पांढरे व उन्हाळ्यातही पांढरेच. म्हैसपालकास रंगाची ही सूचना मिळत नाही, म्हणून त्याने अधिक सावध राहिले पाहिजे.

कोंबडीच्या अंड्याबाबतही रंगाने फसगत होते. बलकाचा पिवळा रंग मुख्यतः कॅरोटीनच्या जवळच्या, परंतु जीवनसत्त्व ‘अ’ न देणाऱ्या दुसऱ्या द्रव्यांचा असतो. बलक गडद म्हणजे त्यात जीवनसत्त्व ‘अ’ अधिकच, असे म्हणता येत नाही.

प्रयोगशाळेत मोजणी कशी होते?

ग्रामसेवकांनी ही मोजणी स्वतः करावयाची नसली, तरी तिचा क्रम त्यांना माहीत असावा. म्हणजे नमुना कसा घ्यावा व अहवाल कसा वाचावा, हे समजते.

१) नमुना. तूप, रक्तद्रव अथवा यकृताचा तुकडा मोजून घेतात. ऊन व हवा यांनी द्रव्य नासत असल्याने नमुना घेतल्यापासून तो अंधारात व थंड ठेवावा लागतो. बाटलीस काळा कागद गुंडाळून ती बर्फाच्या पेटीत ठेवणे हा साधा उपाय होय.

२) स्निग्धांश दूर करणे. तूप व यकृत यांचे नमुने मद्यार्कात विरघळविलेल्या दाहक पोटॅशबरोबर तापवितात. त्यामुळे स्निग्धांशाचा साबण बनतो. कॅरोटीन व जीवनसत्त्व ‘अ’ यांचा साबण होत नाही; ती तशीच राहतात.

३) ओढून घेणे. या मिश्रणात पेट्रोलियम ईथर घालून हलवितात. दोन्ही द्रव्ये ईथरच्या वरच्या थरात जातात व साबण खाली पाण्यात राहतो. वरचा थर वेगळा काढून धुतात.

४) वेगळे करणे. हा द्रव ॲल्युमिनाची पूड भरलेल्या काचेच्या उभ्या नळीतून सोडतात. निरनिराळी द्रव्ये पुडीस कमीअधिक चिकटतात. कॅरोटीनचा पिवळा पट्टा लवकर खाली येतो, इतर रंगद्रव्ये मागे राहतात. या पद्धतीचा पाया रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घातला. आजची सुधारलेली यंत्रे याच तत्त्वावर चालतात.

५) रंग मोजणे. कॅरोटीनच्या द्रावणातून ४५० नॅनोमीटर लांबीच्या तरंगांचा निळा प्रकाश सोडतात व त्यातील किती शोषला गेला ते पाहतात. जीवनसत्त्व ‘अ’ रंगहीन असल्याने ते ३२५ नॅनोमीटरच्या अदृश्य जंबुपार प्रकाशात मोजतात. जुन्या पद्धतीत त्यावर अँटिमनी ट्रायक्लोराइडचे द्रावण टाकीत असत. त्याबरोबर गडद निळा रंग येई व तो काही सेकंदांतच उडू लागे, म्हणून वाचन झटपट घ्यावे लागे.

उदाहरणार्थ, दर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे एक ग्रॅमचा दहा लाखावा भाग, कॅरोटीन असलेल्या द्रावणाचे वाचन सुमारे ०·२५ येते. समजा, ५ ग्रॅम गायीच्या तुपातील कॅरोटीन २५ मिलिलिटर ईथरमध्ये काढले आणि वाचन ०·२५ आले. तर एकूण कॅरोटीन २५ मायक्रोग्रॅम झाले व तुपाच्या दर ग्रॅमला ५ मायक्रोग्रॅम पडले. म्हशीच्या तुपावर हीच कृती केल्यास कॅरोटीनचे वाचन शून्याच्या जवळ येईल. येथेच थांबल्यास ‘म्हशीच्या तुपात काही नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल. त्याच नमुन्यातील जीवनसत्त्व ‘अ’ मोजले की खरा हिशेब मिळतो. वनस्पतीतील द्रव्य जनावराच्या शरीरात शोधताना मूळ द्रव्याबरोबर त्यापासून बनलेल्या द्रव्याचीही मोजणी करावी लागते, हा या विषयातील महत्त्वाचा धडा आहे.

रक्त व यकृत : पाकीट आणि कणगी

दुसरा धडा कोणत्या अवयवाची मोजणी करावी, याविषयी आहे. शेतकऱ्याच्या घरी भात कणगीत साठविलेला असतो व रोजच्यापुरता सुपात काढला जातो. कणगी तळाशी गेली तरी सुपात रोज तेवढेच भात दिसते. ज्या दिवशी कणगी संपते त्या दिवशीच सूप रिकामे राहते. जनावराच्या शरीरात यकृत ही कणगी व रक्त हे सूप होय. आहारातून पुरवठा थांबला तरी यकृत आपल्या साठ्यातून रक्तातील प्रमाण बराच काळ सांभाळते.

गुरांच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात जीवनसत्त्व ‘अ’ २५ मायक्रोग्रॅम वा अधिक असल्यास ते समाधानकारक मानतात. ते १० च्या खाली गेल्यास उणिवेची लक्षणे दिसण्याचा संभव असतो. परंतु रक्तातील आकडा चांगला आला म्हणून यकृतातील साठाही चांगला आहे, असे म्हणता येत नाही. जिवंत जनावराच्या यकृताचा नमुना घेणे हे तज्ज्ञाचे काम आहे. गोठ्यात जनावर दगावल्यास मात्र पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शवविच्छेदन करवून यकृताचा नमुना तपासणीस पाठविता येतो. एका मृत जनावराच्या यकृतावरून त्याच दावणीच्या बाकी जनावरांच्या स्थितीचा अंदाज येतो. म्हणून शव घाईने पुरून टाकण्यापूर्वी दवाखान्यास कळवावे.

पावसाळ्यात भरपूर हिरवे गवत खाल्लेल्या जनावराच्या यकृतातील साठा पुढे काही महिने पुरतो. वसईच्या ऋतुमानात हा हिशेब मांडून पाहावा. ऑक्टोबरमध्ये भरलेली कणगी उन्हाळ्याच्या अखेरीस तळाशी जाते. दुभत्या म्हशीची ती अधिक लवकर रिकामी होते, कारण दर धारेबरोबर दुधातून जीवनसत्त्व बाहेर जात असते. जी म्हैस याच सुमारास विणार असेल तिची अडचण सर्वांत मोठी.

पारडाच्या वाट्याचा चीक

गर्भात असताना आईच्या रक्तातून पारडास जीवनसत्त्व ‘अ’ फार थोडे मिळते. पारडू जन्मते तेव्हा त्याची कणगी जवळजवळ रिकामी असते. ही उणीव निसर्गाने चिकात भरून काढली आहे. पहिल्या धारेच्या चिकात जीवनसत्त्व ‘अ’ नेहमीच्या दुधाच्या कित्येक पट असते आणि रोगांपासून रक्षण करणारी द्रव्येही असतात. ती द्रव्ये शोषून घेण्याची आतड्याची शक्ती जन्मानंतर तासातासाने घटत जाते व साधारण एका दिवसात संपते.

वार पडल्याशिवाय पारडास पाजू नये, अशी समजूत अनेक ठिकाणी आहे. तीस कोणताही आधार नाही. पारडू पिऊ लागल्याने उलट वार पडण्यास मदत होते. दुसरी अडचण खरवसाची. वसई-विरारच्या बाजारात चिकास चांगली किंमत येते, त्यामुळे पहिली धार घागरीत व पारडू कोपऱ्यात, असा प्रकार घडतो. आज मिळालेले थोडे रुपये व उद्याची एक म्हैस यांची तुलना मालकाने स्वतःच करावी. पारडाच्या वजनाच्या सुमारे एक-दशांश इतका चीक, म्हणजे ३० किलोच्या पारडास ३ लिटर, पहिल्या दिवशी विभागून पाजावा. त्यातील पहिला हप्ता जन्मानंतर एक-दोन तासांच्या आतच द्यावा. पारडू तृप्त झाल्यावर उरेल त्याचा खरवस खुशाल करावा.

अर्थात पारडांचे सर्व मृत्यू याच कारणाने होतात, असे नाही. म्हशीच्या पारडांत जंतांमुळेही मोठी हानी होते. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने दुसऱ्या आठवड्यात जंताचे औषध द्यावे.

गोठ्यावर करावयाची साधी परीक्षा

जीवनसत्त्व ‘अ’ च्या उणिवेचे लवकर दिसणारे एक लक्षण म्हणजे रातांधळेपणा. तिन्हीसांजेस, दिवे लावण्यापूर्वी, अंगणात एक टोपली व एक आडवा बांबू ठेवावा आणि जनावरास सैल दोरीने त्या वाटेने सावकाश न्यावे. दिवसा अडथळा टाळणारे जनावर संधिप्रकाशात अडखळत असल्यास संशय घ्यावा. खरखरीत व कोंडा पडलेली कातडी, डोळ्यांतून पाणी, पारडांना वारंवार खोकला वा हगवण ही अन्य लक्षणे होत. एकाच गोठ्यात दोन-तीन जनावरांत ती दिसल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. ‘अ’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन पशुवैद्यकांनीच द्यावयाचे असते. हे जीवनसत्त्व शरीरात साठत असल्याने त्याचा अतिरेकही अपायकारक ठरतो. हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीनपासून असा धोका नाही. गरजेपेक्षा अधिक असल्यास शरीर त्याचे रूपांतर कमी करते.

हिरवी वैरण किती व कोठून?

दुभत्या अथवा गाभण जनावरास वजनाच्या दर १०० किलोमागे सुमारे १९ मिलिग्रॅम कॅरोटीन रोज लागते. ४५० किलो वजनाच्या म्हशीस हा हिशेब सुमारे ८५ मिलिग्रॅम येतो. कोवळ्या, पानेदार हिरव्या वैरणीत दर किलोस साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅरोटीन धरल्यास तीन किलो वैरणीत किमान गरज भागते. पाच किलो दिल्यास यकृतात थोडी शिल्लकही पडते. म्हणजे पोटभर हिरवी वैरण देणे उन्हाळ्यात शक्य नसले, तरी रोज एक लहानशी पेंढी मुळीच अशक्य नाही. ती कोठून मिळवावी, याचे काही मार्ग असे :

१) वाडीतील पाटाच्या कडेस, विहिरीच्या सांडपाण्यावर व बावखलाच्या काठी पॅरा गवत लावावे. त्यास ओल मानवते. मुंबईच्या आरे दुग्ध वसाहतीत म्हशींसाठी हे गवत मोठ्या प्रमाणावर घेण्यात आले होते.

२) निचऱ्याच्या जमिनीत संकरित नेपियरचे ठोंब लावावेत. दोन-तीन गुंठ्यांतही एक-दोन म्हशींच्या रोजच्या पेंढीची सोय होते. कापणी कोवळेपणी करावी; जून कांड्यांत कॅरोटीन कमी असते.

३) बांधावर शेवरी, हादगा व सुबाभूळ लावावी. यांची पाने उन्हाळ्यातही हिरवी राहतात. सुबाभळीत मिमोसिन हे अपायकारक द्रव्य असल्याने तिचे प्रमाण एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नसावे.

४) केळीची निरोगी हिरवी पाने कापून वैरणीत मिसळावीत. नुकतीच औषधफवारणी झालेल्या बागेतील पाने देऊ नयेत.

५) सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माळावरील गवत फुलोऱ्यावर येताच कापावे. ते कडक उन्हात अनेक दिवस पसरून न ठेवता थोडे सुकवून सावलीत वाळवावे. वाळल्यावर हिरवी छटा राहिली तर कॅरोटीनही काही अंशी राहिले असे समजावे. शक्य असेल तेथे मुरघास करावा; हवाबंद खड्ड्यात कॅरोटीन पुष्कळ टिकते.

ही पेंढी सर्व जनावरांत सारखी वाटण्याइतकी नसेल, तर विण्यास दोन महिने उरलेल्या गाभण म्हशीस प्रथम द्यावी, नंतर दुभत्या म्हशीस. गाभणीस दिलेली पेंढी चिकाच्या रूपाने पारडापर्यंत पोहोचते.

सारांश

हिरव्या पानातील पिवळे कॅरोटीन आतड्यात रंगहीन जीवनसत्त्व बनते, यकृतात साठते, रक्तातून फिरते व चीक आणि दूध यांतून वासरास व माणसास मिळते. गायीच्या शरीरात त्याचा रंग वाटेत दिसतो, म्हशीच्या शरीरात दिसत नाही. ग्रामसेवकांनी फेब्रुवारी महिन्यात आपल्या गावातील प्रत्येक गोठ्यास भेट देऊन तीन गोष्टी विचाराव्यात : हिरवी वैरण शेवटची केव्हा घातली, पावसापूर्वी विणाऱ्या म्हशी किती, आणि गेल्या वर्षी पारडास पहिला चीक केव्हा पाजला. या तीन उत्तरांवरून कोणत्या गोठ्याकडे प्रथम लक्ष द्यावे, हे ठरविता येईल आणि पेंढीची सोय वेळेवर करता येईल.